साथ आली की आधी काय शोधायचे? परळच्या प्लेग प्रयोगशाळेपासून आयसीएमआरपर्यंत

१/
१५ नोव्हेंबर १९११. मुंबईत परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये एक बैठक भरली. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्य सर हारकोर्ट बटलर होते. नव्याने स्थापन झालेल्या ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’ या संस्थेच्या नियामक मंडळाची ही पहिली बैठक. हीच संस्था १९४९ मध्ये ‘भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद’ झाली. करोनाच्या काळात घरोघरी परिचित झालेली ‘आयसीएमआर’ ती हीच.

२/
बैठकीची वास्तू नीट पाहावी. एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान असलेली ही इमारत त्या वेळी प्लेगची प्रयोगशाळा होती. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. साऱ्या देशाने कोणत्या रोगांवर आधी संशोधन करावे, हे ठरवणारे मंडळ पहिल्यांदा भरले ते अशा घरात, जिथे पंधरा वर्षांच्या एका साथीने ‘आधी काय शोधायचे’ हा प्रश्न फार महागात शिकवला होता. हा धागा त्या पंधरा वर्षांचा आणि त्यानंतरच्या शतकाचा आहे.

३/
साथ येते तेव्हा पैसा, माणसे आणि वेळ ही तिन्ही अपुरी असतात. सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी शोधता येत नाहीत. म्हणून कोणीतरी क्रम लावतो. कधी तो उघडपणे, विचारपूर्वक लावला जातो. बहुतेक वेळा तो नकळत लागतो. मित्रहो, धागा वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवा. आज माणूस कशाने वाचेल? रोग पसरतो कसा? आणि तो अमुक माणसांनाच अधिक का मारतो?

४/
सप्टेंबर १८९६. मांडवी बंदरालगतच्या गोदामांच्या वस्तीत माणसे तापाने पटापट मरू लागली. जांघेत, काखेत गाठी येत. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले आणि २३ सप्टेंबर रोजी महापालिकेच्या स्थायी समितीत तसे सांगितले. धान्याची गोदामे, त्यांवर खोल्या, खोल्यांत दाटलेली माणसे अशी ती वस्ती. त्याच काळातील मराठी पत्रांत या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव मिळाले.

५/
रोगाचा जंतू तोपर्यंत अज्ञात नव्हता. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन याने तो शोधून काढला होता. त्याच सुमारास जपानचे कितासातो हेही त्याच कामात होते. पण जंतू माहीत असणे आणि तो एका माणसातून दुसऱ्यात कसा जातो हे माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८९६ च्या मुंबईला पहिली माहीत होती, दुसरी नव्हती. पुढचे सारे अरिष्ट या फटीतून आत आले.

६/
उत्तर नसले तरी सरकारला काहीतरी करणे भाग होते. घाण, दूषित हवा आणि रोग्याचा स्पर्श यांवर तत्कालीन समजुतीचा भर होता. त्यामुळे गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली, भिंतींना चुना लागला, रोगी सक्तीने इस्पितळात हलवले गेले. ऑक्टोबर १८९६ मध्ये संतप्त गिरणी कामगारांचा सुमारे हजाराचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. १२३ वर्षांनी करोनात पुन्हा वापरला गेलेला कायदा तो हाच.

७/
शहर रिकामे होऊ लागले. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. कोणी घाटावर गेले, कोणी कोकणात बोटीने, कोणी बी.बी.सी.आय. रेल्वेने उत्तरेकडे. ही रेल्वे आजही त्याच मार्गाने पालघर, बोईसर ओलांडून सुरतेकडे जाते. बलसाड, सुरत येथे प्लेग पोहोचला. कुंभवली, तारापूर, बोईसर हा सारा पट्टा या पळापळीच्या वाटेवर होता. स्थानकांवर प्रवाशांची काखा-जांघा चाचपून तपासणी होऊ लागली.

८/
गंमत अशी की तपासणी माणसांची होत होती आणि रोगाचा खरा प्रवासी गोणपाटात, धान्याच्या पोत्यांत, कपड्यांच्या गाठोड्यांत बसलेला होता. तो होता उंदराच्या अंगावरचा पिसू. हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, म्हणून अधिकाऱ्यांना आज दोष देणे सोपे आहे. खरा विचार करण्यासारखा मुद्दा वेगळा आहे. हे शोधण्यासाठी पुरेशी माणसे आणि पुरेसा पैसा कधी लावला गेला? त्याचे उत्तर थक्क करणारे आहे: १९०५ साली.

९/
पहिला क्रमांक मिळाला तो लशीला. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये कलकत्त्याहून मुंबईत आले. पटकीवरील लस त्यांनी आधीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नवी लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर पहिली चाचणी झाली.

१०/
बंदिवानाची ‘स्वेच्छा’ किती खरी, हा प्रश्न आपण आज विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. पण हाफकिन यांच्या पद्धतीत एक गोष्ट विलक्षण आधुनिक होती. टोचलेले आणि न टोचलेले एकाच ठिकाणी, एकाच अन्नावर राहिले पाहिजेत, तरच तुलना खरी, असा त्यांचा आग्रह होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले; टोचलेल्या ७१ जणांपैकी ३.

११/
लस लोकांपर्यंत नेण्यात समाजातील माणसांचा हात होता. तिसऱ्या आगाखानांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतले, खोजा समाजाला प्रवृत्त केले आणि प्रयोगशाळेसाठी माझगावची आपली वास्तू दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या वाड्यात आली. १९२५ पर्यंत येथून अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या. म्हणजे ‘आज माणूस कशाने वाचेल’ या पहिल्या प्रश्नावर काम झाले आणि ते सोन्यासारखे झाले, यात शंका नाही.

१२/
आता दुसरा प्रश्न. पाश्चर इन्स्टिट्यूटचे डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी मुंबईतील रोग्यांच्या अंगावर बारीक फोड पाहिले आणि हे पिसवांचे दंश असावेत अशी त्यांना शंका आली. २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी एका मोठ्या काचपात्रात पिसवांनी भरलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला. जवळच जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला, जेणेकरून दोघांचा स्पर्श होऊ नये. काही दिवसांत तो निरोगी उंदीरही प्लेगने मेला. त्याच वर्षी त्यांनी हे छापले.

१३/
त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने नेमलेला भारतीय प्लेग आयोग कामाला लागला. अध्यक्ष होते एडिंबरोचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर. आयोगाने शहरोशहरी फिरून शेकडो साक्षी नोंदवल्या आणि जाडजूड खंड प्रसिद्ध केले. हाफकिन यांच्या लशीचा उपयोग त्याने मान्य केला. सिमाँ यांचा पिसवांचा सिद्धांत मात्र त्याने फेटाळला. साक्षी गोळा करण्यात आयोग पटाईत होता. तो प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहण्याची तसदी त्याने घेतली नाही.

१४/
लोकांना काय ठाऊक होते, हेही पाहा. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी गावांत उंदीर मरू लागले की लोक गाव सोडून जात. ही प्रथा इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींतही आहे. आपल्याकडे ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकताच गाव माळावर जाई आणि झोपड्या पडत. अनेक मराठी घरांत पणजोबांच्या माळावरच्या मुक्कामाच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. उंदीर आणि त्यांच्या पिसवा मागे टाकून जाणारा हा उपाय खरोखर परिणामकारक होता. शास्त्राने विचारायचा प्रश्न लोकाचारात तयार होता. तो उचलला गेला नाही.

१५/
या दिरंगाईची किंमत केवळ आकड्यांत मोजता येत नाही. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या कारकिर्दीत सोजीर घराघरांत शिरले, सामान जाळले गेले, माणसे छावण्यांत नेली गेली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. आणि एवढ्या उलथापालथीत ज्या झडत्या झाल्या, त्या उंदरांच्या नव्हत्या.

१६/
रुग्णालयांतही प्रश्न विचारले जात होते. आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळात डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी प्लेगवरील प्रतिद्रव्याची, म्हणजे सीरमची, चाचणी घेतली. एका रोग्याला सीरम, पुढच्याला नाही, अशी एकाआड एक विभागणी त्यांनी केली. सीरम दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण काहीसे कमी दिसले. पण दोन्ही गटांत बहुसंख्य रोगी दगावलेच. जगातील तुलनात्मक वैद्यकीय चाचण्यांच्या आरंभीच्या इतिहासात या कामाची गणना होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा संदर्भ येईल.

१७/
१९०२ मध्ये मोठा आघात झाला. ३० ऑक्टोबर रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर टाकला गेला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना मुल्कोवालमध्येच ती दूषित झाली असावी, याकडे पुरावा झुकत होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. भीतीच्या काळात शास्त्रज्ञालाही तुरत न्याय मिळत नाही.

१८/
परळच्या प्रयोगशाळेतील ग्लेन लिस्टन यांनी दुसरा प्रश्न सोडला नव्हता. मुंबईतील चाळींत आधी उंदीर पडतात, मग माणसे आजारी पडतात आणि यजमान उंदीर मेल्यावर भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. नोव्हेंबर १९०४ मध्ये त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे या विषयावर व्याख्यान दिले. साम्राज्याच्या आरोग्यधोरणाला वळण देणारा विचार निसर्ग-अभ्यासकांच्या सभेत मांडला गेला, हेही मुंबईला साजेसेच.

१९/
अखेर १९०५ मध्ये अग्रक्रम बदलला. भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लंडनचे लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून सल्लागार समिती नेमली. लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन मुंबईत आले. लँब, लिस्टन, पेट्री, रोलंड यांचा गट परळला कामाला बसला. साक्षी नोंदवायच्या नव्हत्या. एकच प्रश्न प्रयोगाने सोडवायचा होता. प्लेग पसरतो कसा? साथ सुरू झाल्याला तोवर नऊ वर्षे झाली होती.

२०/
प्रयोग साधे, पण उत्तर चोख देणारे होते. परळला छोटी घरे बांधली. पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र राहूनही रोग पसरत नाही. पिसवा असतील तर स्पर्शाविनाही पसरतो. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राणी मेला, दोन फुटांवरचा वाचला, कारण पिसूची उडी तेवढी पोहोचत नाही. वर्षभरात मुंबईतील लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. सायन, वडाळा, परळ, वरळी या तेव्हाच्या गावांत घराघरांचे निरीक्षण झाले. १९०६ पासून हे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये येऊ लागले.

२१/
सिमाँ बरोबर होते. पण १९०७ या एकाच वर्षी भारतात प्लेगने बारा लाखांहून अधिक माणसे मेली. १९१८ पर्यंतची एकूण संख्या कोटीच्या घरात जाते. आठ वर्षे आधी उत्तर मान्य झाले असते तर किती वाचले असते, हे कोणीही सांगू शकत नाही. एवढे मात्र सांगता येते की १८९८ मध्ये प्रयोग करून पाहण्याचा खर्च काही पिंजरे, काही उंदीर आणि काही महिने एवढाच होता.

२२/
या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९११ ची ती बैठक वाचावी. संशोधनाला साथ आल्यावर आयोग नेमून चालत नाही. त्यासाठी कायमचा निधी, कायमची माणसे आणि प्रश्नांची यादी तयार ठेवणारे मंडळ लागते, हे मान्य झाले. प्लेगबरोबर मलेरिया, पटकी, काळा आजार हे विषय पुढे आले. १९१३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ निघाले आणि ते आजही चालू आहे. यादी मात्र साम्राज्याचे अधिकारी लावत. ज्यांना रोग होत होता, त्यांना यादीत स्थान होते ते रोगी म्हणून.

२३/
आणि मग १९१८ ची मानमोडी आली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीतील पोलिसांपासून सुरुवात झाली. ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात मृतांचा अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत केला जातो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू माणसात सापडला तो १९३३ मध्ये, म्हणून १९१८ चे मंडळ पहिल्या दोन प्रश्नांपुढे जवळजवळ निरुत्तर होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुंबईच्या मृत्युनोंदींतच होते. नोंदीत ‘खालच्या’ म्हणून दाखवलेल्या जातींत दर हजारी ६१.६ मृत्यू, इतर हिंदूंत १८.९, युरोपियनांत ८.३.

२४/
एकच शहर, एकच हवा, एकच विषाणू, आणि सातपटीहून अधिक अंतर. घर, अन्न, काम आणि उपचार यांत हे अंतर दडलेले होते. प्लेगच्या काळी १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, पण पाडलेल्या घरांतील गरिबांना पुरेशी परवडणारी घरे मिळाली नाहीत आणि दाटी दुसरीकडे सरकली. तिसरा प्रश्न कळत होता, मोजलाही जात होता. संशोधनाच्या यादीत मात्र तो तळाशी राहिला.

२५/
स्वातंत्र्यानंतर यादी लावणारे बदलले. १९५२ मध्ये पुण्यात आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा याच केंद्राने क्यासनूर जंगल-तापाचा नवा विषाणू ओळखला. ‘उंदीर पडले’ या जुन्या खुणेची ही जंगलातली बहीणच म्हणायची. या वेळी मात्र शास्त्राने तिच्याकडे लगेच लक्ष दिले. १९७८ मध्ये केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, झाले.

२६/
जगभरही हा विचार पुढे आला. १९९० मध्ये आरोग्य-संशोधनावरील एका आंतरराष्ट्रीय आयोगाने दाखवून दिले की अकाली मृत्यूंचा ९३ टक्के भार ज्या विकसनशील देशांवर आहे, त्यांच्या प्रश्नांवर जगाच्या आरोग्य-संशोधनाचा केवळ ५ टक्के पैसा खर्च होतो. प्रत्येक देशाने, गरीब देशानेही, आपले संशोधनाचे अग्रक्रम स्वतः ठरवावेत, ही या अहवालाची मुख्य शिकवण. परळच्या पिंजऱ्यांनी हेच ८५ वर्षे आधी सांगितले होते: मुंबईचे उत्तर मुंबईच्या घरांतच सापडले.

२७/
२०२०. जागतिक आरोग्य संघटनेने ११-१२ फेब्रुवारीला जिनिव्हात शास्त्रज्ञांना बोलावून करोनावरील संशोधनाचे अग्रक्रम ठरवले. भारतातील पहिल्या रुग्णाचे निदान पुण्याच्या एनआयव्हीत झाले होते. मार्चमध्ये तेथेच विषाणू वेगळा करण्यात यश आले आणि त्यातूनच कोव्हॅक्सिनची वाट निघाली. १८९६ ला एक कारकून आणि तीन शिपाई होते; २०२० ला सर्वोच्च जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा तयार होती. तयारीचा अर्थ यापेक्षा स्पष्ट करता येणार नाही.

२८/
आता डॉ. चोक्सींची आठवण काढू. बरे झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा द्यावा की नाही, हा २०२० चा ज्वलंत प्रश्न होता. तत्त्व जुन्या सीरमचेच. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेतली आणि प्लाझ्माने मृत्यू किंवा आजाराची तीव्रता कमी होत नाही, असे ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केले. साथ चालू असताना भारताने जगाला दिलेले हे स्वच्छ उत्तर होते. तरीही राष्ट्रीय उपचार-सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या दुसऱ्या लाटेत हजारो कुटुंबे प्लाझ्मादात्यांसाठी वणवण करत राहिली.

२९/
उलट टोकालाही चूक होते. जुलै २०२० मध्ये लस १५ ऑगस्टपर्यंत आणण्याच्या अपेक्षेचे पत्र निघाले आणि शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याची परिणामकारकता अजून हाती यायची होती. लस पुढे उपयुक्त ठरली. पण लोकांचा विश्वास हाही संशोधनाचाच भाग असतो, हे मुल्कोवालच्या बाटलीने शिकवले होते. एका प्रश्नाकडे सारे धावले की दुसरे प्रश्न मागे पडतात, हेही दिसले: देशातील क्षयरुग्णांच्या नोंदी २०१९ च्या सुमारे २४ लाखांवरून २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. क्षय ओसरला नव्हता. त्याच्याकडे पाहणारे डोळे दुसरीकडे लागले होते.

३०/
हे सारे कुंभवलीच्या नजरेने पाहू. एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, परगावाहून आलेले कामगार, भाड्याच्या खोल्या. त्याच पालघर जिल्ह्यात डोंगराकडे जव्हार-मोखाडा, जिथे १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला कुपोषणाचे वास्तव दाखवले. राष्ट्रीय यादी दिल्लीत ठरते, जागतिक यादी जिनिव्हात. कामगाराच्या खोलीतील हवा, डोंगरातील मुलाचे ताट आणि साथीचा रोग यांचा संबंध काय, हा प्रश्न त्या यादीत नेणारी वाट मात्र अजून कच्चीच आहे.

३१/
तरी निराश होण्याचे कारण नाही. तिसरा प्रश्नही प्रयोगाने सोडवता येतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. झारखंडमध्ये आयसीएमआरच्या साहाय्याने एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांचा अभ्यास त्यात होता. ज्या कुटुंबांना पुरेसा शिधा मिळाला, तेथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ यांची औषधाच्या शिस्तीने केलेली ही परीक्षा. जव्हार-मोखाड्याला या उत्तराचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

३२/
१८९६ पासूनचा हा धागा ओढत आलो, तेव्हा एक गोष्ट वारंवार हाती लागली. साथीतील मोठ्या चुका बहुधा चुकीच्या उत्तराच्या नसतात. योग्य प्रश्न उशिरा विचारण्याच्या असतात. १९०५ च्या गटाने तो प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी सायन-वडाळ्याच्या घरांचे उंबरठे ओलांडले. परळचा तो वाडा आजही उभा आहे. तिकडे गेलात तर १५ नोव्हेंबर १९११ ची ती बैठक आठवावी आणि तिच्या यादीत कोणाचा प्रश्न राहून गेला होता, हेही.

(धागा समाप्त)